तीन पट्टे बदलूनही न थांबलेली चीं-चीं : सोलापुरातील एका जुन्या ट्रकचे प्रकरण

इंजिनाच्या पुढच्या अंगाने येणारी चीं-चीं ही ट्रकच्या तक्रारींमध्ये किरकोळ समजली जाते. गाडी चालते, माल वेळेत पोचतो, तापमानाचा काटाही जागेवर असतो. त्यामुळे आवाज फारच वाढला तर पंखा, वॉटर पंप वगैरे फिरवणारा इंजिनाचा रबरी पट्टा बदलायचा आणि विषय संपवायचा, अशी सर्वसाधारण रीत आहे. येथे मांडलेल्या प्रकरणात ही रीत वर्षभरात तीनदा पाळली गेली. तिन्ही वेळा ती लागू पडल्यासारखी वाटली, कारण नवा पट्टा घातल्यावर आवाज खरोखरच थांबत असे आणि काही आठवड्यांनी पुन्हा सुरू होत असे. या मधल्या शांततेनेच सर्वांची दिशाभूल केली. पट्टा बदलला आणि आवाज थांबला, तेव्हा दोष पट्ट्यातच होता, हा निष्कर्ष वरवर पाहता बिनतोड दिसतो. प्रत्यक्षात नव्या रबराची पकड चांगली असते, त्याच्या आतल्या अंगाच्या लांब कंगोऱ्यांच्या बाजू अजून घासून गुळगुळीत झालेल्या नसतात, आणि म्हणून पुलीत किंवा ताणात असलेला दोष तो काही काळ निमूटपणे सोसतो.

गाडी २००७ साली नोंदणी झालेली, सहा सिलिंडरच्या डिझेल इंजिनाची आणि २४ व्होल्ट विद्युत यंत्रणेची. वर्षातला बराच काळ ती होटगी परिसरातून सिमेंटच्या गोण्या वाहते आणि हिवाळ्यात, सोलापूरच्या बाजार समितीत कांद्याची आवक वाढली की, कांदा घेऊन हैदराबादकडे जाते. हा तपशील केवळ ओळखीपुरता नाही. सिमेंटची बारीक धूळ पट्ट्याच्या कंगोऱ्यांत आणि टेन्शनरच्या (पट्टा ताणून धरणाऱ्या भागाच्या) सांध्यात शिरते व पॉलिश पेपरसारखे काम करते. कांद्याच्या हंगामात मात्र गाडी रात्रभर उघड्यावर उभी राहते, पहाटे दव पडलेल्या थंड इंजिनाला एकदम सुरू केले जाते आणि दोन-तीन वेळा स्टार्टर मारल्याने बॅटऱ्या उतरलेल्या असतात. सकाळच्या आणि दुपारच्या आवाजात फरक का होता, याचे निम्मे उत्तर या दिनक्रमात आहे.

इंजिनावर आठ कंगोऱ्यांचा एकच सलग पट्टा आहे. क्रँक पुलीवरून, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्यावरच्या पुलीवरून, निघून तो फॅन हब (पंख्याचा तुंबा), वीज तयार करणारा आल्टरनेटर आणि वॉटर पंप यांना फिरवतो, आणि स्प्रिंगच्या टेन्शनरची पुली त्याच्या सपाट पाठीवर दाब देऊन त्याला ताणलेला ठेवते. ब्रेकसाठी हवा भरणारा एअर कॉम्प्रेसर आणि स्टिअरिंगचा पंप या गाडीत गिअरवर चालतात. त्यांचा या पट्ट्याशी संबंध नाही. याहून जुन्या, अंगठ्याने दाबून ताण पाहायच्या व्ही पट्ट्यांच्या गाड्यांवर ज्यांचा हात बसला आहे, असे कारागीर अशा पट्ट्याकडेही त्याच नजरेने पाहतात. अंगठ्याने दाबून १० ते १५ मिलिमीटर दबतो का, हे पाहण्याची कसोटी स्प्रिंगच्या टेन्शनरला लागू पडत नाही. तेथे पट्ट्याचा ताण म्हणजे टेन्शनरची प्रकृती, आणि ती वेगळी तपासावी लागते.

तक्रार

गाडी हैदराबाद रस्त्यावरील एका लहान गॅरेजमध्ये आली तेव्हा मालकांची मागणी चौथ्या पट्ट्याची होती, आणि तीही “या खेपेला चांगल्या कंपनीचा घाला” अशी. ड्रायव्हर वयस्कर, गाडीवर अनेक वर्षे असलेले. मिस्त्रींनी पट्ट्याला हात न लावता आधी त्यांनाच विचारले, “मामा, कधी ओरडते, ते नीट सांगा.” त्यांचे उत्तर असे होते :

“सकाळी चालू केल्या केल्या एकदम वरडतंय बघा मिस्त्री, मग गप बसतंय. आन् नंतर नुसती बारीक चीं-चीं, ती काय दिवसभर जात न्हाई.”

या संपूर्ण प्रकरणात याहून महत्त्वाची माहिती कोणत्याही उपकरणाने दिली नाही. सकाळी सुरू करताना येणारी लांब किंचाळी आणि दिवसभराची तुटक, लयीतली चीं-चीं हे दोन वेगळे आवाज आहेत, आणि ड्रायव्हरने ते वेगळे करून सांगितले होते. यापूर्वी जेथे पट्टे बदलले तेथेही त्यांनी हेच सांगितले असावे, पण तेथे ‘पट्टा ओरडतो’ एवढेच ऐकले गेले. लांब, सलग किंचाळी बहुधा पट्टा घसरत असल्याची खूण असते. ती भार एकदम वाढल्यावर येते आणि भार उतरला की थांबते. तुटक चीं-चीं बहुधा पुल्या एका पातळीत नसल्याची खूण असते. ती आयडलिंगला (गाडी उभी असताना इंजिन मंद चालते तेव्हा) स्पष्ट ऐकू येते, इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर तिची लय वाढते आणि वरच्या फेऱ्यांना इंजिनाच्या व पंख्याच्या गोंगाटात बुडून जाते. ‘बहुधा’ हा शब्द येथे जाणीवपूर्वक वापरला आहे, कारण सुकलेले बेअरिंगही कधी कधी हुबेहूब असाच आवाज काढते.

आधीचा इतिहास विचारला तेव्हा कळले की दिवाळीपूर्वी डायनमोचे (जुन्या ड्रायव्हरांच्या तोंडी आल्टरनेटर अजून डायनमोच आहे) बेअरिंग बदलले होते, आणि आवाज त्यानंतर काही दिवसांनी सुरू झाला. दुसरी गोष्ट मालकांनी काहीशा अभिमानाने सांगितली : मधल्या काळात वाटेवरच्या एका कारागिराने पट्ट्यावर राळेची पूड टाकून दिली होती आणि त्याने हैदराबादपर्यंत आवाज बंद राहिला होता.

काढलेले पट्टे

ड्रायव्हरच्या सीटखालच्या पेटीत, अडीअडचणीला उपयोगी पडतील म्हणून, काढलेले तिन्ही पट्टे गुंडाळून ठेवलेले होते. मिस्त्रींनी ते बाकड्यावर उलटे पसरले. तिन्हींची एकच कड विसविसली होती, तिच्यातून दोऱ्याचे तंतू बाहेर आले होते आणि दुसरी कड जवळजवळ नव्यासारखी होती. कंगोऱ्यांवरून आडवे बोट फिरवले की प्रत्येक कंगोऱ्याची एक बाजू काचेसारखी गुळगुळीत आणि दुसरी खरखरीत लागत होती. केवळ ताण कमी असल्याने पट्टा घसरत असता तर झीज दोन्ही बाजूंना सारखी दिसली असती. एकाच बाजूची झीज म्हणजे पट्टा पुलीच्या खाचेत तिरका शिरत आहे, आणि एकापाठोपाठ एक तीन पट्टे तसेच झिजले असतील तर दोष पट्ट्यात शोधण्याचे कारण उरत नाही.

एक गोष्ट जाता जाता नोंदवावीशी वाटते. पूर्वीचे निओप्रिन रबराचे पट्टे जुने झाले की त्यांना आडव्या भेगा पडत, आणि भेगा मोजून पट्टा कधी बदलायचा हे ठरवता येई. हल्लीचे ईपीडीएम रबराचे पट्टे सहसा भेगाळत नाहीत. त्यांचे रबर झिजत जाते, कंगोरे बारीक होतात आणि पट्टा खाचेत खोल बसू लागतो. “भेग नाही, म्हणजे पट्टा चांगला आहे” हे म्हणणे म्हणूनच आता चालत नाही. या तीन पट्ट्यांवरही एकसुद्धा भेग नव्हती.

पाण्याची चाचणी आणि राळेची अडचण

पट्ट्याचा आवाज ओळखण्याची सर्वांत साधी चाचणी पाण्याची आहे. इंजिन आयडलिंगला ठेवून पट्ट्याच्या कंगोऱ्यांच्या बाजूवर फवाऱ्याच्या बाटलीने थोडे पाणी मारायचे आणि ऐकायचे. आवाज लगेच थांबला व पाणी सुकल्यावर परत आला, तर पुल्यांची ओळ चुकलेली असण्याचा संभव जास्त. कारण तिरका शिरणारा कंगोरा खाचेच्या भिंतीला अडखळत घासतो, त्या अडखळण्याचाच आवाज होतो, आणि पाण्याने ती जागा ओलसर झाली की अडखळणे थांबते. उलट पाण्याने आवाज वाढला तर पट्टा घसरतो आहे, म्हणजे ताण कमी आहे. तेथे पकड आधीच अपुरी असते आणि पाणी ती आणखी कमी करते. आवाजात काहीच फरक पडला नाही तर बेअरिंगकडे वळावे. ही चाचणी करताना पंखा फिरत असतो, हे विसरू नये. सोलापुरात ड्रायव्हरच्या खांद्यावर टॉवेल असतोच. तो आधी काढून केबिनमध्ये ठेवावा, बाह्या वर सारून घ्याव्यात आणि फवारा लांबूनच मारावा.

या गाडीवर पाणी मारले तेव्हा आवाज किंचित बदलला, थांबला नाही आणि वाढलाही नाही. या निकालावरून थेट बेअरिंगच्या मागे लागणे सोपे होते. मिस्त्रींनी तसे केले नाही. इंजिन बंद करून त्यांनी पुलीच्या खाचेत नख फिरवले, तेव्हा नखाखाली पिवळसर-काळा चिकट थर आला. राळ, सिमेंटची धूळ आणि इंजिनाची वाफाळलेली तेलकट घाण यांचे ते मिश्रण होते. अशा थरावर पाणी पसरत नाही, थेंबथेंब होऊन उडून जाते. त्यामुळे चाचणी झाली असे दिसते, पण झालेली नसते. राळ, साबण, मेणबत्ती, खडूची पूड हे उपाय आवाज काही काळ दाबतात हे खरे आहे, परंतु त्यांचे खरे नुकसान असे की पुढच्या माणसाला पट्टा जे सांगत असतो ते ऐकू येत नाही. कंगोऱ्यांच्या पट्ट्यावर तर त्यांना जागाच नाही, कारण चिकट खाचेत धूळ धरते आणि तीच पुढे पुली खाते.

म्हणून आधी स्वच्छता झाली. पट्टा उतरवून सर्व पुल्यांच्या खाचा साबणाच्या पाण्याने आणि जुन्या ताठ ब्रशने घासून कोरड्या केल्या. पट्टा उतरलेला असतानाच इंजिन जेमतेम पाव मिनिट चालवून पाहिले. आवाज पूर्ण बंद होता, म्हणजे तो पट्ट्याच्या फेऱ्यातूनच येत होता. वॉटर पंप फिरत नसल्याने याहून जास्त वेळ इंजिन चालवू नये, आणि ज्या गाडीत हवेचा कॉम्प्रेसर पट्ट्यावर असतो ती पट्ट्याशिवाय हलवूच नये. नंतर प्रत्येक पुली हाताने फिरवून पाहिली. वॉटर पंपाची पुली मऊ फिरत होती, तिच्या गळतीच्या छिद्राखाली कूलंटचा डाग नव्हता. आल्टरनेटरचे बेअरिंग नवेच होते. फॅन हबमध्ये हलकी घरघर जाणवली, पण चीं-चीं होण्याइतकी नाही. क्रँकवरच्या डँपरचे (कंपने शोषणाऱ्या पुलीचे) रबर सुटून बाहेरचे कडे सरकले असेल का, हेही पाहिले. आतल्या भागावर आणि कड्यावर मिळून खडूची एक सरळ रेघ ओढली आणि इंजिन चालवून बंद केल्यावर ती तशीच सरळ राहिली.

यानंतर मालकांना न आवडलेला निर्णय घ्यावा लागला : चाचणीसाठी नवा पट्टा. राळ मुरलेला पट्टा कितीही धुतला तरी विश्वासाचा राहत नाही. नवा पट्टा घातल्यावर अर्थातच आवाज थांबला, आणि “झालं की काम” म्हणून गाडी नेण्याची तयारीही झाली. मिस्त्रींनी मालकांना एवढेच सांगितले की मागच्या तिन्ही वेळा काम इथवरच झाले होते.

दोरी आणि सरळपट्टी

पुल्यांची ओळ पाहण्यासाठी गॅरेजमध्ये लेझरचे साधन नव्हते, आणि ते असायलाच हवे असेही नाही. अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या एका कारखान्यात मागांची देखभाल करणारे एक फिटर मिस्त्रींच्या ओळखीचे होते. त्यांना बोलावले गेले. मोटरची आणि मागाची पुली एका ओळीत आणणे हे त्यांचे रोजचे काम. त्यांनी आधी क्रँक पुली आणि फॅन हब यांच्या कडांना ताणलेली दोरी लावून ते दोघे एका पातळीत असल्याची खात्री केली, आणि मग फॅन हबच्या पुलीच्या तोंडाला लोखंडी सरळपट्टी टेकवून ती आल्टरनेटरपर्यंत नेली. दोन्ही पुल्यांची कडेपासून पहिल्या खाचेपर्यंतची जाडी सारखी आहे, हे त्यांनी त्यापूर्वी मोजून घेतले. ही पायरी अनेकजण गाळतात आणि मग सरळपट्टी खोटे बोलते.

सरळपट्टी आल्टरनेटरच्या पुलीवर सपाट बसली नाही. पुली ३ मिलिमीटर पुढे, रेडिएटरच्या दिशेला, आलेली होती. ३ मिलिमीटर ऐकायला थोडे वाटतात. मात्र अशा पट्ट्यातील दोन कंगोऱ्यांमधले अंतर ३.५६ मिलिमीटर असते, म्हणजे पुली जवळजवळ एका पूर्ण खाचेने सरकलेली होती. आणि या दोन पुल्यांमधला पट्ट्याचा मोकळा भाग जेमतेम २०० मिलिमीटर लांबीचा असल्याने तिरकेपणाचा कोन ०.८६ अंशांच्या जवळ जात होता. अर्ध्या अंशाच्या पुढे असे पट्टे बोलू लागतात, असा अनुभव आहे. हाच ३ मिलिमीटरचा फरक अर्धा मीटर लांबीच्या भागात पडला असता तर कोन ०.३४ अंशांवर आला असता आणि कदाचित कोणाच्या कानावरही आला नसता. पट्टा एक खाच सोडून बसवला गेला असेल, ही शंका याच वेळी तपासून बाजूला ठेवली. तो सर्व पुल्यांवर बरोबर बसलेला होता.

पुली पुढे का आली, याचा शोध दिवाळीपूर्वीच्या दुरुस्तीपाशी पोचला. बेअरिंग बदलताना जुनी पुली ओढून काढावी लागते. तेव्हा तिची कड फुटली असावी आणि तिच्या जागी मापाने जुळणारी दुसरी पुली बसवली गेली. व्यास तोच, खाचा तितक्याच, परंतु तिचा मागचा गळा ३ मिलिमीटरने जास्त लांब होता, आणि शाफ्टवरचा जुना स्पेसर (अंतर राखणारे कडे) मात्र तसाच ठेवला गेला. बाकड्यावर ठेवून पाहिले तर अशा कामात काहीही वावगे दिसत नाही. आल्टरनेटर उत्तम फिरतो आणि चार्जिंगही करतो. चूक दिसते ती तो इंजिनावर चढल्यावर, शेजारच्या पुलीच्या संदर्भात. त्यामुळे मी ही हलगर्जी मानत नाही, पण काढलेली पुली आणि घातलेली पुली पाठीला पाठ लावून मोजण्याची सवय असती तर तीन पट्टे वाचले असते.

उपाय लेथवर झाला. स्पेसर ३ मिलिमीटरने उतरवला, त्याची दोन्ही तोंडे एकमेकांना समांतर ठेवली, आणि पुली बसवल्यावर आल्टरनेटरचा पंखा मागच्या कव्हरला घासत नाही हे हाताने फिरवून पाहिले. पुन्हा सरळपट्टी लावली तेव्हा फट अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी भरली. ब्रॅकेट ठोकून किंवा बोल्टखाली वॉशर घालून आल्टरनेटरच मागे सरकवण्याचा आग्रह मालकांनी धरला होता, कारण त्यात वेळ वाचत होता. तसे केले असते तर ओळ कदाचित जुळली असती, पण पुली तिरकी बसण्याचा नवा धोका उभा राहिला असता.

उरलेला आवाज

चीं-चीं गेली आणि परत आली नाही. सकाळची किंचाळी मात्र गाडी पुढच्या खेपेहून परतली तेव्हा कायम होती, उलट ती आता एकटी आणि स्पष्ट ऐकू येत होती. मालकांचा धीर येथे सुटला, आणि त्यांच्या जागी कोणाचाही सुटला असता. तथापि या वेळी पाण्याच्या चाचणीने दिलेले उत्तर स्वच्छ होते : थंड इंजिन सुरू करून हेडलाइट आणि ब्लोअर चालू केले, पट्ट्यावर पाणी मारले, आणि किंचाळी थांबण्याऐवजी वाढली.

सकाळीच असे का होते, हे समजणे अवघड नाही. स्टार्टरने बॅटऱ्यांमधून ओढलेली वीज आल्टरनेटर सुरू होताच भरून काढू लागतो. २८ व्होल्ट आणि ४५ अँपिअर म्हणजे सव्वा किलोवॉटच्या वर वीज. आल्टरनेटरमध्ये वाया जाणारा भाग धरला तर पट्ट्याकडून दोन किलोवॉटच्या आसपास शक्ती ओढली जाते. हा सगळा भार सर्वांत लहान पुलीवर येतो, जिला पट्ट्याचा वेढाही सर्वांत कमी असतो. बॅटऱ्या भरत गेल्या की भार उतरतो आणि पट्टा पुन्हा पकड धरतो.

घसरण किती आहे हे मोजण्यासाठी त्याच फिटरांनी मागाच्या फेऱ्या मोजायचे न टेकवता चालणारे टॅकोमीटर आणले. क्रँक पुलीचा व्यास १९० मिलिमीटर आणि आल्टरनेटरच्या पुलीचा ७०. म्हणजे क्रँकच्या १५०० फेऱ्यांना आल्टरनेटरच्या सुमारे ४०७० फेऱ्या हव्यात. किंचाळी चालू असताना त्या ३८२० भरल्या, म्हणजे सहा टक्क्यांची घसरण. नवा पट्टा, सरळ ओळ, स्वच्छ पुल्या; शिल्लक राहिला तो टेन्शनर.

इंजिन बंद करून टॉमीने (लोखंडी दांड्याने) टेन्शनरची भुजा मागे ओढली तेव्हा ती अडखळत सरकली आणि सोडल्यावर पूर्ण परत न येता मध्येच थबकली. चालू इंजिनावर ती थरथरतानाही दिसत होती. सांध्यातल्या बुशात (भुजा जिच्यावर फिरते त्या नळीत) सिमेंटची धूळ मुरून ते झिजले होते, भुजा बाजूलाही हलत होती, आणि स्प्रिंगचा जोर पट्ट्यापर्यंत पुरता पोचत नव्हता. बूश बदलून टेन्शनर दुरुस्त करण्याचा विचार झाला आणि सोडून दिला. दमलेल्या स्प्रिंगला नवे बूश जोर देऊ शकत नाही. नवा टेन्शनर बसवल्यावर त्याच भाराखाली आल्टरनेटरच्या फेऱ्या ४०५० भरल्या आणि हेडलाइट लावलेले असताना आयडलिंगचे चार्जिंग २६.४ व्होल्टवरून २७.८ वर आले. हिवाळ्यात बॅटऱ्या कमजोर झाल्याची जी वेगळी तक्रार मालक गेले काही महिने करत होते, तिचा उलगडाही बहुधा यातच होता. नव्या बॅटऱ्यांची खरेदी तूर्त थांबवली.

कांद्याचा हंगाम संपेपर्यंत गाडी त्याच पट्ट्यावर चालली. नंतर पट्टा उतरवून पाहिला तेव्हा त्याच्या दोन्ही कडा सारख्या होत्या आणि कंगोऱ्यांच्या दोन्ही बाजू हाताला एकसारख्या लागत होत्या. फॅन हबच्या बेअरिंगची घरघर अजून आहे. ते पुढच्या कूलंट बदलाच्या वेळी बदलायचे ठरले आहे, आणि सिमेंटच्या फेऱ्या सुरू झाल्यावर दर ग्रीसिंगला टेन्शनरची भुजा टॉमीने हलवून पाहण्याचे काम ड्रायव्हर मामांनी स्वतःकडे घेतले आहे.